झोपलेल्या लेकीला रात्री उठवणारा बाप: चौथ्या वर्षी वडील गमावलेल्या एका शेतकऱ्याचं प्रकरण

यवतमाळ जिल्ह्यातला ३२ वर्षांचा शेतकरी. साडेचार एकर वावर, त्यातलं एकरभर विहिरीचं ओलित, बाकी पऱ्हाटी (कपाशी), तूर, सोयाबीन. घरात आई, बायको आणि चार वर्षांची मुलगी. त्याच वाड्यात वेगळी चूल करून काका-काकू राहतात. कोणा एकाची ओळख पटू नये अशा रीतीने हे प्रकरण रचलं आहे. इथे त्याला ‘भाऊ’ म्हणू, सत्रांतही समुपदेशक ताई त्याला तसंच म्हणायच्या.

जूनच्या पहिल्या आठवड्यात तो ग्रामीण रुग्णालयात आला, तोही बायकोच्या आग्रहाने. तक्रार तिनेच सांगितली. रात्रीतून सात-आठ वेळा उठून मुलीच्या नाकाशी बोट धरतात. त्याने भागलं नाही तर तिला हलवून उठवतात. पोरगी रडते, आजी जागी होते, घरातले दिवे लागतात. सहा महिने हेच चाललं आहे. मुलगी अंगणवाडीत बसल्या बसल्या पेंगते आणि संध्याकाळ झाली की म्हणते, “मी झोपत नाई, बाबा उठवते.”

भाऊ एवढंच बोलला. “ताई, मले मालूम आहे ते झोपलीच आहे. पन हात लावल्याबिगर जीव राहत नाई.”

गावातल्या डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली होती. तिचा परिणाम उलटा झाला. गाढ झोप लागली तर मुलीकडे लक्ष कोण देणार, या धास्तीने तो गोळी तोंडात धरून ठेवायचा आणि नंतर थुंकायचा. आणखी एक गोष्ट या भागात काम करणाऱ्यांनी कायम ध्यानात ठेवावी. कापसाच्या पट्ट्यात ‘औषध’ म्हणजे फवारणीचं औषध, आणि ‘औषध घेतलं’ म्हणजे ते पिऊन जीव द्यायला गेला, हे कोणालाही समजावून सांगावं लागत नाही. ‘तुमच्या मालकाला औषध सुरू करू’ हे वाक्य ऐकून बायकोचा चेहरा उतरला होता. तेव्हापासून सर्वांनी ‘गोळी’ हाच शब्द वापरला.

पहिल्या दोन भेटी तपासणीत गेल्या. नैराश्य मोजणाऱ्या पीएचक्यू-९ या प्रश्नावलीवर १३ गुण, म्हणजे मध्यम नैराश्य. चिंता मोजणाऱ्या जीएडी-७ वर १६, म्हणजे तीव्र चिंता. पीएचक्यूचा नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा असतो. तो नुसता वाचून दाखवला नाही, बायकोला बाहेर बसवून एकट्याला सरळ विचारला. उत्तर नाही असं आलं. तरीही टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर नवरा-बायको दोघांच्या मोबाईलमध्ये टाकून दिला. दारू बाजाराच्या दिवशी, थोडी. चहा दिवसाला आठ कप, त्यातले तीन संध्याकाळनंतरचे. थायरॉईड आणि हिमोग्लोबिन ठीक. कुलूप, गॅस, हात धुणे अशी दुसरी कोणतीही तपासणीची सवय नाही. त्यामुळे मंत्रचळाचं (ओसीडीचं) निदान केलं नाही, पण त्या आजारावरच्या उपचारातली एक पद्धत पुढे कामी आली.

वडिलांबद्दल एकच वाक्य आलं. “बाबा मी लहान होतो तवाच वारले.” बहुतेक नोंदवहीत इथे ‘वडील: मयत’ असं लिहिलं जातं आणि पान उलटतं. खरं तर याच जागी तीन प्रश्न विचारायला हवेत. पालक गेले तेव्हा तुमचं वय किती होतं? पालकांचं वय किती होतं? आणि त्या दोन वयांचं आज घरात कोण आहे? अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ जोसेफिन हिलगार्ड यांनी १९५०च्या दशकात दाखवून दिलं होतं की लहानपणी पालक गमावलेल्या माणसाचं दुखणं पुष्कळदा अशाच वेळी वर येतं: स्वतः मृत पालकाच्या वयाचा झाल्यावर, किंवा आपलं मूल आपल्या त्या वयाचं झाल्यावर. भाऊचे वडील २९व्या वर्षी गेले, तेव्हा तो चार वर्षांचा होता. मुलीला चौथं लागलं आणि महिनाभरात हे उठणं सुरू झालं. स्वतःच्या २९व्या वर्षी काही झालं नव्हतं का, असं विचारल्यावर बायकोला आठवलं की त्या वर्षी त्यांनी कोणाला न सांगता विम्याची पॉलिसी काढली होती.

वडील कशाने गेले? “पान लागलं होतं.” साप चावला असं आपल्याकडे सहसा उघड म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. त्यापुढे त्याला काही माहीत नव्हतं, कोणी सांगितलं नव्हतं आणि त्याने विचारलं नव्हतं.

त्याच्यापाशी त्या दिवसाच्या आठवणीचे तीन तुकडे होते. बाजूला झोपलेले वडील. आजीचा आवाज: “बाबाले उठव रे, चहा झाला.” आणि तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे लहान मुलांच्या पोळ्याचा, लाकडी नंदी ओढत अंगणात जाणारा तो स्वतः. त्यानंतर थेट मामाचं गाव, तिथे तीन महिने. तेव्हा मोठ्यांनी त्याला सांगितलं होतं की बाबा झोपले आहेत. परत आल्यावर सांगितलं, बाबा नागपूरला गेले.

चार वर्षांच्या मुलाला मरण कळत नाही असं नाही, अर्धवट कळतं. मेलेलं परत येत नाही, त्याचं शरीर चालत नाही, आणि हे प्रत्येकाचं होणार, या तीन गोष्टी साधारण पाच ते सात वर्षांच्या दरम्यान पक्क्या होतात. त्याआधी मूल मोठ्यांचे शब्द जसेच्या तसे घेतं. झोपले म्हणजे झोपले. झोपलेला माणूस उठत नाही, तर त्याला नीट उठवलं गेलं नाही. भाऊने हे कधी शब्दांत मांडलं नव्हतं, पण चौथ्या सत्रात एका दमात म्हणाला, “म्या उठवला त्याले. दोनदा हलवला. तो उठला नाई तर मले राग आला, मी खेळाले गेलो. तवाच ओरडलो असतो तर…” २८ वर्षं हा हिशेब त्याच्या पोटात होता. मुलीला हलवून उठवणारा हात कोणाचा होता, ते तिथे समजलं.

आता उपचाराची पद्धत निवडायची. दीर्घकाळ रेंगाळलेल्या शोकावर अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ कॅथरीन शिअर यांनी बसवलेली १६ सत्रांची पद्धत आहे आणि ती चांगली तपासलेली आहे. पण तिचा एक मोठा भाग मृत्यूची बातमी कळली त्या क्षणाकडे मनाने पुन्हा जाण्याचा आहे. इथे तो क्षणच नाही. आयसीडी-११ या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीतल्या दीर्घ शोकविकाराच्या व्याख्येतही गेलेल्या माणसाची तीव्र ओढ किंवा त्याच्याच विचारात गुंतून राहणं अपेक्षित आहे. ज्याचा चेहरा आठवत नाही, त्याची ओढ लागत नाही. लागते ती एक रिकामी जागा, आणि तिला नाव नसतं. म्हणून निदान चिंताविकाराचं ठेवलं आणि कामाची दिशा वेगळी धरली: आधी जे घडलं त्याची खरी हकीकत उभी करायची, मग रात्रीचं उठणं कमी करायचं, आणि शेवटी वडिलांशी काही नातं जोडता आलं तर जोडायचं. हा क्रम उलटा करू नये. उठणं बंद करा म्हणून सुरुवातीलाच ताण दिला असता तर चार वर्षांच्या त्या पोराला तुझं पुन्हा चुकलं असं सांगितल्यासारखं झालं असतं.

एकूण १२ सत्रं ठरली, प्रत्येक ५० मिनिटांचं, आठवडी बाजाराच्या दिवशी. हे साधं वाटतं, पण गावाकडे उपचार मध्येच तुटण्याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे खास रुग्णालयासाठी तालुक्याला जावं लागणं. बाजाराच्या दिवशी माणूस तसाही येतो आणि कोणी विचारलं तर उत्तर तयार असतं. पेरणीत दोन आठवडे आणि पहिल्या फवारणीच्या वेळी एक आठवडा खंड पडणार हे आधीच धरलं होतं.

चुका झाल्या, त्या इथे नोंदवायलाच हव्यात.

पहिली, दुसऱ्या भेटीत. चिंता जास्त दिसली म्हणून ताईंनी शिथिलीकरण घेतलं: डोळे मिटा, श्वास सावकाश सोडा, अंग जड होऊ द्या. दोन मिनिटांत तो ताडकन उठून उभा राहिला, घामाने भिजलेला. मिटलेले डोळे, मंद होत जाणारा श्वास, जड अंग ही नेमकी वडिलांची अवस्था होती, आणि ते तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. पुढे सगळे सराव उघड्या डोळ्यांनी घेतले: तळपाय जमिनीवर दाबणे, हातातल्या गमछ्याची वीण बोटांनी चाचपणे, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घेणे. पालक कसे गेले हे कळल्याशिवाय डोळे मिटायला लावू नयेत.

दुसरी चूक पत्राची. वडिलांना पत्र लिहून आणा, असं सांगितलं. त्याने आणलं ते वहीच्या पानावर, वर उजवीकडे तारीख, खाली ‘विषय’ आणि शेवटी ‘आपला विश्वासू’. दहावीपर्यंत शिकलेल्या माणसाने आयुष्यात अर्जच लिहिलेले असतात. दोष पत्र सांगणाऱ्याचा होता. मग वावराच्या धुऱ्यावर (बांधावर) बसून मोबाईलमध्ये बोलायचं ठरलं. ते रेकॉर्डिंग ताईंना ऐकवायची सक्ती नव्हती.

तिसरी चूक जास्त महाग पडली. हकीकत आईकडे आहे म्हणून पाचव्या सत्रात आईला बोलावलं. काकांना विचारलं नाही. त्या दिवशी वडिलांना उचलून नेणारे काका होते आणि गेली २८ वर्षं या घरातला कर्ता पुरुषही तेच. मागल्या दाराने जुनं उकरतात, असं म्हणून त्यांनी तीन आठवडे पुतण्याशी बोलणं बंद ठेवलं. त्या काळात पीएचक्यूचे गुण १३ वरून १५ वर गेले. अशा घरात ज्याच्यापाशी अपराधाचं ओझं असण्याची शक्यता आहे, त्याच्याकडे आधी जावं, तेही घरी, आणि विचारावं. ताई गावच्या आशा सेविकेला सोबत घेऊन नंतर गेल्या. काकांनी एकच अट घातली: त्या दिवशी ज्याच्याकडे नेलं होतं, त्या मांत्रिकाचं नाव निघणार नाही. ती मान्य केली.

तोवर पाचव्या सत्राचं काम मात्र झालं होतं. आईने सांगितलं की त्या रात्री वडील खाली घोंगडीवर झोपले होते. मध्यरात्री पोट दुखायला लागलं, जेवण बाधलं म्हणून आजीने ओवा दिला. पहाटे ते काहीतरी बोलले, जीभ जड होती, समजलं नाही. मग आई भाऊकडे वळली आणि म्हणाली, “तुह्या आधी म्या उठवलं व्हतं त्याले. घंटाभर आधी. उठला नाई. म्या म्हटलं रातभर पोट दुखलं, झोपू दे.”

भाऊने विचारलं, “तू बी?”

“मी बी. आजीनं बी. कोनालेच समजलं नाई.”

या सत्रात ताई बोलल्या ते मोजून चार वाक्यं. गाठ सोडवण्यासाठी लागणारी माहिती एका माणसाकडे असते, त्याला ती सांगता यावी एवढीच व्यवस्था करायची असते. त्यानंतर अर्थ सांगायला जाऊ नये.

सहाव्या सत्रात वीस मिनिटं वैद्यकीय अधिकारी बसले. हे मुद्दाम ठरवलेलं होतं, कारण पोटदुखी, जड जीभ आणि न उघडणारे डोळे हे वर्णन ऐकून त्यांनी ओळखलं होतं की ती मण्यार असावी. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दात इतके बारीक की बहुतेकदा दुखत नाही आणि खूणही दिसत नाही. काही तासांनी पोटात दुखतं, पापण्या खाली येतात, बोलणं आणि गिळणं अडतं, शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालणारं प्रतिविषाचं इंजेक्शन द्यावं लागतंच, पण मण्यारीच्या बाबतीत श्वास थांबला की व्हेंटिलेटरशिवाय माणूस टिकत नाही, आणि तो तेव्हा यवतमाळ, सेवाग्राम किंवा नागपूरसारख्या मोठ्या रुग्णालयातच मिळण्याजोगा. सकाळी पोराने आरडाओरडा केला असता तरी वेळ फारशी बदलली नसती, हे डॉक्टरांनी घड्याळाच्या हिशेबाने मांडलं.

मग भाऊने तो प्रश्न विचारला, ज्याची तयारी ठेवावी लागते. “त्याले ऐकू येत असन काय, मी हाक मारत होतो तवा?”

मण्यारीच्या विषाने हालचाल थांबते, पण शुद्ध पुष्कळ वेळ राहू शकते. म्हणजे खरं उत्तर भयंकर आहे. ही माहिती आपणहून द्यायची नाही, हे ताई आणि डॉक्टर दोघांचं आधीच ठरलं होतं. पण विचारलं तर खोटं बोलायचं नाही, हेही ठरलं होतं. अठ्ठावीस वर्षं त्याला ‘झोपले’ या एका खोट्याने छळलं, त्यात दुसऱ्याची भर कशाला? डॉक्टर म्हणाले, “येत असू शकेल. खात्रीने सांगता येत नाही.” तो बराच वेळ टेबलाच्या कडेवरचा सनमायका नखाने उचकटत बसला. मग म्हणाला, “म्हंजे मी बाबा म्हटलं ते त्याले मालूम पडलं असन.” त्याला यातून काय मिळालं ते त्याचं त्याला ठाऊक. त्या दिवशी सत्र इथेच संपवलं, गृहपाठ दिला नाही. बायको बाहेर बाकावर होती आणि तो एकटा बसने जाणार नाही याची खात्री करून घेतली.

सातव्या सत्रापासून रात्रीचं काम सुरू झालं. आधी खरी खबरदारी आणि भीतीची तपासणी या दोन गोष्टी वेगळ्या केल्या. मण्यार आजही आहे, तिची भीती घालवायची नाही. मुलगी खाटेवर झोपेल, मच्छरदाणी चारही बाजूंनी गादीखाली खोचली जाईल, उशाशी बॅटरी राहील, सरपण घराच्या भिंतीपासून दूर जाईल. हे सगळं रात्री दहाला एकदाच. त्यानंतर जे काही होतं ती तपासणी. मंत्रचळाच्या उपचारातल्या पद्धतीने ती अशी कमी केली: पहिला आठवडा कितीही वेळा उठा, पण हात लावायचा नाही, फक्त पाहायचं. दुसरा आणि तिसरा आठवडा ठरलेल्या दोन वेळा, अकरा आणि तीन. मधे जाग आली तर खाटेवरच बसून तळपाय जमिनीला दाबायचे आणि ओढ ओसरेपर्यंत थांबायचं. पहिल्या दिवशी ती ओसरायला चाळीस मिनिटं लागली, दहाव्या दिवशी बारा. चौथ्या आठवड्यापासून एकच वेळ. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात प्रत्येक उठण्याची एक रेघ. संध्याकाळी पाचनंतर चहा बंद.

बायकोचं काम सर्वांत अवघड होतं. तो विचारायचा, “श्वास चालू आहे नं?” आणि ती दर वेळी हो म्हणायची. ते हो दहा मिनिटं पुरायचं. तिच्यासाठी एक वाक्य ठरवलं, नवऱ्यासमोरच, म्हणजे रात्री भांडण नको: “याचं उत्तर मी देणार नाई, आपलं ठरलं आहे, तुम्ही बसा मी जागी आहो.” पहिल्या आठवड्यात तिने दोनदा मोडलं. तिला रागावण्यासारखं त्यात काही नव्हतं.

मुलीलाही तिच्या वयाला पेलेल असं खरं सांगायचं होतं, कारण आता झोपेची भीती तिच्यात उतरत होती. शब्द आधी घोटून घेतले. आबाजी मेले. मेलं म्हणजे श्वास बंद, जेवण बंद, दुखणं बंद, आणि परत येत नाही. झोप वेगळी, झोपेत श्वास चालू असतो आणि सकाळी उठता येतं. ‘देवाघरी गेले’ याला आजीचा आग्रह होता. ते काढायला लावलं नाही, फक्त आधी ‘मेले’ हा शब्द यावा एवढं ठरलं. मुलीने विचारलं, तुह्या बाबाचं नाव काय होतं. घरात ते नाव पुष्कळ वर्षांनी घेतलं गेलं.

पोळा जवळ आला तशी रात्रीची रेघ पुन्हा वाढली, दोनवरून पाचवर. वडील पोळ्यानंतर आठवडाभरात गेले होते, त्यामुळे हे अपेक्षित होतं आणि आधी सांगून ठेवलेलं होतं. आधी सांगितलेली घसरण माणसाला अपयश वाटत नाही. त्याच आठवड्यात आईने माळ्यावरून एक नंदी काढला. वीतभर उंचीचा, सागाचा, उजवं शिंग तुटलेलं, चार चाकांपैकी दोन शिल्लक, पाठीवरच्या हिंगुळाच्या रंगाचे पापुद्रे निघालेले. वडिलांनीच घेऊन दिलेला, आणि त्या सकाळी त्याने ओढत नेलेला. तान्ह्या पोळ्याला मुलीने तो मागितला. भाऊने दिला नाही. तिला बाजारातून नवा आणून दिला. घरच्यांना ते खटकलं. ताईंनी त्याचीच बाजू घेतली, कारण वडिलांची त्याच्या हातात आलेली ती पहिलीच वस्तू होती आणि ती लगेच पुढच्या पिढीला देऊन टाकायची घाई कशासाठी?

पितृपक्षात वडिलांच्या नावाचं पान दर वर्षी काका वाढायचे. यंदा काकांनी स्वतःच ताट त्याच्या हातात दिलं. असे विधी समुपदेशकाने सुचवू नयेत. ते घरातून आले तरच त्यांना वजन असतं. ताईंनी फक्त आधीच्या सत्रात विचारलं होतं की हे काम कोण करतं. तालुक्याच्या फोटो स्टुडिओतून लग्नाच्या समूहचित्रातला वडिलांचा चेहरा वेगळा काढून मोठा करून आणला. तो पुसट आला, तरी लावला.

या प्रकरणात एक गोष्ट त्याच्या बाजूने होती आणि तिची नोंद केली नाही तर निकाल चुकीचा वाचला जाईल. समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकारी टिरिल हॅरिस यांनी १९७८ मध्ये लंडनमधल्या स्त्रियांच्या अभ्यासातून दाखवलं की अकरा वर्षांच्या आत आई गमावणं हे पुढच्या नैराश्याचा धोका वाढवतं. पुढच्या कामात हेही दिसलं की त्यात मृत्यूनंतर मुलाला मिळालेल्या सांभाळाचा वाटा फार मोठा असतो. भाऊला तीन महिन्यांत आई परत मिळाली, आजीने मांडीवर वाढवलं, काकांनी शाळेची फी भरली. जिथे उरलेला पालकही दूर गेला, मूल या घरून त्या घरी फिरत राहिलं किंवा मार खात वाढलं, तिथे १२ सत्रांत एवढं होत नाही. तिथे पहिले कित्येक महिने समोरच्या माणसावर विश्वास बसण्यातच जातात आणि ते जाऊ द्यावे लागतात.

बाराव्या सत्राला, नोव्हेंबरच्या सुरुवातीला, पीएचक्यू ५ आणि जीएडी ६. रात्रीची रेघ बहुतेक दिवशी एक, काही दिवशी शून्य. मनोविकारतज्ज्ञांनी सुचवलेली गोळी सुरू करावी लागली नाही, पण पोळ्याच्या आठवड्यात गुण आणखी चढले असते तर ती सुरू करायची हे ठरलेलं होतं.

फेब्रुवारीतल्या पाठपुराव्याला कळलं की गावात एका घरी साप निघाल्यावर तो पुन्हा आठवडाभर चार-चार वेळा उठला, मग कॅलेंडर काढून स्वतःच अकरा आणि तीनच्या वेळा लावल्या आणि दहा दिवसांत एकवर आला. हरभऱ्याला रात्रपाळीच्या लाईनवर पाणी द्यायला तो अजून एकटा जात नाही. गमबूट आणि बॅटरी घेऊन काकांसोबत जातो. ते बदलायचा प्रयत्न केलेला नाही, कारण रात्री वावरात दोघांनी जाणं हेच शहाणपणाचं आहे. पुढची भेट मृगाच्या आठ दिवस आधी, बाजाराच्याच दिवशी ठेवली आहे, आणि मुलीला आता पाचवं लागलं आहे.